स्वयंपाकघरातले चौदा तास

आई,

गेल्या मंगळवारी तू मला फार आठवलीस, आणि तेही कुठल्या सणावाराला नाही, तर टपालानं आलेला एक इलॅस्टिकचा पट्टा हातात धरून दारात उभी असताना. तो कशाचा ते पुढे सांगते. तू गेलीस त्याला पंचवीस वर्षं होऊन गेली, बाबांना जाऊनही दहा झाली, तेव्हा आता माझं बोलणं मध्येच तोडून "मुद्द्यावर ये" म्हणणारं कुणी नाही, ही एक सोयच झाली. रविवारची दुपार आहे. तुझा जावई मागे बागेत कुंपणाला रंग लावतोय आणि मी जेवणाच्या टेबलाशी बसून तुला लिहितेय. बेसिंगस्टोकमध्ये माझ्याशी मराठी बोलणारं कुणी नाही. जावयाला अजूनही "चहा" आणि "बस झालं" एवढंच येतं, आणि दुसरं तो तुझ्या पानावर बसून शिकला होता.

बाबांच्या ध्यानापासून सुरुवात करायला हवी. लेस्टरला महिन्याच्या पहिल्या रविवारी आपली मंडळी शाळेचा हॉल भाड्यानं घेत. एका टोकाला बास्केटबॉलची जाळी, तिच्याखाली निळं कापड टाकलेलं टेबल, त्यावर बुद्धाची मूर्ती आणि मेणबत्त्या, आणि मेणबत्तीच्या धुरानं छतावरचा फायर अलार्म वाजलाच तर बटण दाबायला काठी घेऊन उभे असलेले सेक्रेटरी काका. वंदना झाली की वीस मिनिटं ध्यान. बाकीचे सगळे खाजवायचे, खोकायचे, गुडघे बदलायचे. बाबा मात्र भिंतीशी ताठ बसले की दोन मिनिटांत गार. पापणी हलत नसे. काका आम्हा पोरासोरांना हळूच दाखवायचे, बघा, असं बसता आलं पाहिजे. मधूनच बाबांचा श्वास अडकायचा, बराच वेळ काहीच नाही, आणि मग गाडी खडीवरून जावी तसा एक मोठा आवाज. काका म्हणायचे, श्वास खोल गेला. तू फक्त बाबांच्या शेजारी बसायचीस, नेहमी डावीकडे, आणि तो आवाज येण्याआधी तुझा कोपर हलायचा. मला तेव्हा वाटायचं, तुला बाबांची लाज वाटते. मला वाटायची ना, म्हणून.

घरी तर ते कुठेही झोपत. टीव्हीसमोर, न्हाव्याच्या खुर्चीत, माझ्या शाळेत पेरेंट्स ईव्हिनिंगला गणिताच्या बाई माझी तक्रार सांगत असताना. बस चालवणाऱ्या माणसाला शिफ्टनं थकवा येतो, असंच सगळे धरून चालले होते. मी तर मैत्रिणींना त्यांच्या घोरण्याची नक्कल करून दाखवत असे, आणि एकदा तू जिन्यात उभी राहून ती पूर्ण ऐकलीस. रागावली नाहीस. फक्त म्हणालीस, "मधली गप्प जागा तू फार लहान केलीस. ती खूप मोठी असते." मला ते काय कळणार? मी आणखी हसले.

मग नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एका सकाळी डेपोच्या आवारात, इंजिन चालू ठेवून, रिकाम्या बसमध्ये बाबा स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपलेले इन्स्पेक्टरला सापडले. कुणाला काही लागलं नाही, बस जागची हललीसुद्धा नव्हती. पण कंपनीच्या डॉक्टरनं हॉस्पिटलला पाठवलं, तिथं एक रात्र अंगभर वायरी लावून झोपवलं, आणि आजाराला नाव मिळालं, स्लीप ॲप्निया. झोपेत घसा मिटतो, श्वास थांबतो, मेंदू घाबरून माणसाला उठवतो, माणूस उठल्याचं त्याला कळतही नाही, आणि हे रात्रभर चालतं. म्हणजे बाबा आठ तास पडायचे आणि झोपायचे जेमतेम. डॉक्टरांनी सांगितलं, लायसन्स ऑफिसला तुम्ही स्वतः कळवायचं. बाबांनी त्याच संध्याकाळी आपल्या वळणदार अक्षरात पत्र लिहिलं आणि स्वतः पेटीत टाकून आले. बसचं लायसन्स गेलं. उपचार नीट लागू पडला असं हॉस्पिटलनं लिहून दिलं तरच परत मिळणार होतं. तोपर्यंत कंपनीनं त्यांना डेपोत लॉस्ट प्रॉपर्टीच्या खिडकीत बसवलं. बावीस वर्षं डबलडेकर चालवलेला माणूस, आणि समोर छत्र्या, एकेकटे हातमोजे आणि एक दातांची कवळी. ती कवळी न्यायला कोणीच कसं येत नाही, याचं त्यांना फार आश्चर्य वाटे. पण घरी आल्यावर ते युनिफॉर्मचं जॅकेट तसंच हँगरला लावायचे, ब्रशनं झाडून. ते मला बघवत नसे.

उपचार म्हणजे ते मशीन. आता सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही, पण ते उचलायला दोन हात लागत. मीच गाडीतून आणलं, कारण बाबांनी घरची गाडीही चालवायची सोडली होती आणि मला लायसन्स मिळून तीनच महिने झाले होते. एक जाड पाइप, नाकावर बसणारा मास्क, डोक्यामागून दोन पट्टे, आणि रात्रभर नाकातून हवेचा जोर. बाबा त्याला हूवर म्हणत, केर ओढणारा. तासाभरात ते मास्क ओढून काढायचे, कधी झोपेत, कधी चांगले जागेपणी. पट्टा गालाला काचतो, हवा डोळ्यात जाते, आणि मुख्य म्हणजे मी काय विमान चालवणार आहे का? काकांनी भर हॉलमध्ये ज्यांचं ध्यान दाखवलं त्यांचं ते ध्यान आजार निघालं होतं, तेही त्यांना आत कुठेतरी लागलंच असणार. मशीनच्या मागे गाडीच्या मैलांसारखा एक छोटा आकडा होता, किती तास चाललं ते सांगणारा. हॉस्पिटलमधल्या सिस्टरनं बजावलं होतं, दोन महिन्यांनी मशीन घेऊन या, मी हा आकडा वाचणार आणि मगच डॉक्टर कागद लिहिणार. त्या वेळी तू बाहेर कॉरिडॉरमध्ये डबा मांडीवर घेऊन बसली होतीस. तुला कुणी आत बोलावलं नव्हतं. घरी येताना गाडीत तू सगळं विचारून घेतलंस आणि त्यातलं एकच ध्यानात ठेवलंस. आकडा वाढला की बस परत येते.

त्यानंतरची ती दुपार मला अशी दिसते. मी पॉलिटेक्निकमधून लवकर घरी आलेय. होजिअरीच्या कारखान्यातली तुझी शिफ्ट संध्याकाळची, त्यामुळे दिवसभर तू घरी. स्वयंपाकघरात हा मोठा घूं असा आवाज. बघते तर ओट्यावर, मिक्सर आणि मसाल्याच्या डब्याच्या मध्ये, बाबांचं मशीन. पाइपचं तोंड ताटाकडे वळवलेलं, ताटात सांडगे, आणि तू शेजारी शांतपणे लसूण सोलतेस. मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, "आकडा चालतोय ना? मग झालं तर." आणि सांडगे? "चालूच आहे तर वारा कशाला फुकट घालवायचा." त्या हिवाळ्यात लेस्टरमध्ये कुणाच्याच घरी काही वाळत नव्हतं, आणि आपल्याकडे सांडगे, माझे लोकरीचे मोजे, तुझा कार्डिगन, सगळं कडकडीत. बाबा सकाळी सहाला गेले की मशीन खाली यायचं, तू कामाला निघायच्या आधी वर जायचं. कधी तू ते बंद करायला विसरायचीस, मग आम्ही कुणी घरात नसताना ते एकटंच श्वास घेत बसायचं. मला सगळं माहीत होतं, आणि मी बाबांना एक अक्षर सांगितलं नाही. मलाही ती बस परत हवी होती.

दोन महिन्यांनी आम्ही तिघं गेलो. सिस्टर आयरिश होती, पन्नाशीची, चष्मा दोरीला बांधलेला. तिनं आकडा वाचला, कागदावर भागाकार केला, पुन्हा केला. मग बाबांना म्हणाली की हिशेबानं तुम्ही रोज चौदा तास मशीन वापरता, अभिनंदन, पण मग कामावर कधी जाता? बाबा बिचारे प्रामाणिकपणे म्हणाले, एक-दीड तास वापरतो, काही तरी चुकलंय. तिनं मागचं झाकण काढून हवेची गाळणी बाहेर काढली. ती पांढरी असते. आपली हळदीसारखी पिवळी होती आणि तिला हिंगाच्या फोडणीचा वास येत होता. सिस्टरनं ती नाकाशी नेली, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, घरी आणखी कोण असतं? म्हणून मग तुला आत बोलावलं, आणि मला दुभाषी व्हावं लागलं.

मी मनात खोटं जुळवूनच ठेवलं होतं. सांगणार होते की मशीन स्वच्छ करताना चुकून चालू राहिलं. तू खुर्चीत बसलीस, पदर नीट केलास आणि म्हणालीस, "सिस्टरला सांग, मशीन मी लावून ठेवत होते. रोज. यांना यातलं काही माहीत नाही." मी इंग्रजीत सुरू केलं, माय मदर वॉज क्लीनिंग, आणि तू माझा हात धरलास. तुला तेवढं इंग्रजी होजिअरीत राहून येऊ लागलं होतं, हे मी विसरले होते. "मी बोलले तेवढंच सांग. मध्ये तुझं मीठ घालू नकोस." एकोणीस वर्षांच्या मुलीला परक्या बाईसमोर हे ऐकावं लागलं. मी सगळं सांगितलं, सांडग्यांसकट. सांडग्यांना इंग्रजीत काय म्हणतात ते मला आजही येत नाही.

लायसन्स आता कायमचं गेलं, असंच मला वाटत होतं. मग बाबा तुझ्याकडे वळले. आवाज चढवला नाही. "माझ्या मागं बसलेली माणसं पेंगतात, कारण मी जागा आहे असं त्यांना वाटतं. हा कागद घेऊन मी बसलो असतो गाडीवर?" तू खाली बघत होतीस. सिस्टरनं मला हे काय चाललंय विचारलं, मी सांगितलं. तेव्हा तिनं तुला एक प्रश्न विचारला, जो इतक्या महिन्यांत कुणाही डॉक्टरला सुचला नव्हता. तुम्ही स्वतः कशा झोपता?

तू बोललीस, आणि या वेळी मी तुझा एकही शब्द इकडचा तिकडे केला नाही. "वीस वर्षं झाली. यांचा श्वास थांबला की मी मोजते. फार झालं की कोपरानं ढोसते, मग घेतात. मी झोपले आणि नाही घेतला तर?" सिस्टरनं चष्मा काढला. बाबांनी तुझ्याकडे असं बघितलं की जणू बावीस वर्षं रोजच्या जाण्यायेण्याच्या रस्त्यावर त्यांना एक नवीन घर दिसलं. त्यांना माहीतच नव्हतं, आई. ते झोपलेले असायचे ना.

त्यानंतर सिस्टरनं काय करावं? मास्क तुझ्या नाकाला लावला. तू दचकून डोळे मोठे केलेस, मग दोन श्वास घेतलेस, आणि मास्क काढून पट्टा उलटापालटा करून बघितलास, जसा तू होजिअरीत खराब माल बघायचीस. "शिवण आतून घेतलीय," म्हणालीस, "गालाला काचणारच." मी भाषांतर केलं. सिस्टर पहिल्यांदा मोकळं हसली. तिनं जुना आकडा खोडला, आजचा लिहिला आणि म्हणाली, पुन्हा शून्यापासून, आता दोघं मिळून. तिनं युक्तीही सांगितली. आधी दिवसा, जागेपणी, टीव्ही बघताना लावायचा, म्हणजे सवय होते.

ते दिवस आठवले की मी अजूनही एकटी हसते. सहाच्या बातम्या चालू, सोफ्यावर बाबा नाकाला सोंड लावून ताठ, मी इकडे, आणि आठवडाभर शिफ्ट बदलून घेऊन तू तिकडे. मास्क लावला की बाबांना बोलता येत नसे, तोंड उघडलं की हवा तोंडातून भसकन बाहेर, म्हणून त्या वेळात तू त्यांना वर्षानुवर्षं सांगायचं राहून गेलेलं सगळं सांगून घेतलंस. एकदा सेक्रेटरी काका दारात आले, बाबांना बघून उंबऱ्यावरच थबकले, आणि तू त्यांना सांगितलंस, बसा, ध्यान चालू आहे. तुझ्या जुन्या सुती पातळाच्या घडीत होजिअरीतून मागून आणलेलं टाकाऊ इलॅस्टिक घालून तू निळा पट्टा शिवलास, शिवण बाहेरून. बाबांनी तो लावला आणि गालावरून हात फिरवला. त्या आठवड्यात एक-दीडचे तीन तास झाले, मग पाच. एका पहाटे मी उठले तर खाली बाबा चहा करत होते, गुणगुणत. तुझ्यासाठी. तुला उठवायला जाऊ लागले तर तू अशी गाढ झोपली होतीस की चहा त्यांनीच प्यायला. पहिले पंधरा दिवस शांततेनं तुला झोप येत नव्हती, हे तू मला पुढे खूप दिवसांनी सांगितलंस. कान तयारच असायचे.

हॉलमधलं ध्यान मात्र बिघडलं. झोप पुरी झालेले बाबा पहिल्यांदाच वीस मिनिटं जागे बसले आणि गुडघे बदलून बदलून हैराण झाले. शेवटी डोळे उघडून बघतात तर काठीवर हनुवटी टेकून काका घोरत होते. घरी येईपर्यंत बाबा हसत होते, आणि तू म्हणालीस, त्यांना सिस्टरचा नंबर द्या. तुझे पट्टे तोवर हॉस्पिटलभर झाले होते. बाबांचा बघून सिस्टरनं आधी सहा मागितले, मग डझन. लेस्टरमधल्या किती गोऱ्या म्हाताऱ्यांनी तुझी पातळं डोक्याला बांधून झोपा काढल्या असतील कोण जाणे.

आणि तो सोमवार. कागद आला, लायसन्स आलं, जॅकेट हँगरवरून उतरलं. तू रजा घेतलीस आणि मला कॉलेज बुडवायला लावलंस. बेलग्रेव्ह रोडच्या स्टॉपवर आम्ही दोघी थंडीत उभ्या, आणि बाबांची बस लांबून येताना दिसली. दार उघडलं. बाबांनी आम्हाला ओळख दाखवली नाही, ड्युटीवर होते. "कुठे जायचं, मॅडम?" तू म्हणालीस, "शेवटपर्यंत." आम्ही अगदी पुढच्या सीटवर बसलो, तू डाव्या बाजूला. शेवटच्या स्टॉपला जाऊन तशाच परत आलो. आणि येताना, भर सकाळी, गाडीत उजेड भरलेला असताना, तू खिडकीला डोकं लावून झोपलीस. बाबांना आरशात दिसत होतं. आपला स्टॉप आला तरी त्यांनी मला खुणेनं सांगितलं, राहू दे. आणखी एक फेरी झाली.

तू गेल्यावरही ते मास्क रोज लावायचे. मशीन दोनदा बदललं, पट्टा तोच. विरून जाळी झाली होती त्याची.

आता तो टपालानं आलेला पट्टा. आई, मलाही तेच निघालंय. बायका घोरत नाहीत असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत होते. माझं मशीन जेवणाच्या डब्याएवढं आहे आणि त्याला आवाज म्हणशील तर मांजराच्या श्वासाइतका. मी ते दोन रात्री लावलं. आरशात बघितलं, रडू आलं, आणि ठेवून दिलं. जावयाला सांगितलं की काही तरी बिघाड आहे, हॉस्पिटलवाले बघतायत. गेल्या आठवड्यात तिथल्या नर्सचा फोन आला. आता आकडा वाचायला कुणाकडे जावं लागत नाही, मशीनच सगळं परस्पर कळवतं. ती म्हणाली, तास तर छान दिसतायत, पण हवा फार गळतेय, जणू मास्क कुणाच्या तोंडावर नाहीच. मी म्हटलं, पट्टा सैल असेल. म्हणून बिचारीनं नवीन पाठवला.

आज सकाळी नाश्त्याला तुझा जावई टोस्ट हातात धरूनच पेंगला. मी विचारलं, झोप झाली नाही का? म्हणाला, झाली की, मस्त. आणि डावा कोपर चोळत राहिला.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, मशीनच्या बॅगेला एक कप्पा आहे त्यात ठेवीन. लिहायला बसले तेव्हा तुला एवढंच सांगायचं होतं की ते मशीन आत्ता मागच्या खोलीत कपाटात चालू आहे, एकटंच. दारामागून ऐकू येतंय. आता उठते, ते बंद करते आणि तुझ्या जावयाला बागेतून आत बोलावते. नवा पट्टा मागून लावायचा असतो, एकटीला येत नाही.